दहा मायक्रोवॅटचा हिशेब

शरीरात बसवायच्या, बॅटरी नसलेल्या सेन्सरच्या चिपवर मी काम करते असे सांगितले की इतर शाखांतले अभियंते हमखास एक प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. वीज जर त्वचेबाहेरच्या कॉइलमधून येते आणि ते बाहेरचे उपकरण रोज रात्री चार्ज करता येते, तर आतल्या परिपथाने एवढी काटकसर कशासाठी करायची? बॅटरी संपण्याची धास्ती नाही, ती बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया नाही. मग चिपने एक मायक्रोवॅट घेतला काय आणि एक मिलिवॅट घेतला काय, रुग्णाला फरक कसला पडतो?

पहिली काही वर्षे मी याचे उत्तर चुकीचे देत होते. कमी वीज लागणे हा मुळातच एक गुण आहे, असे काहीसे मोघम बोलून मी वेळ मारून नेत असे. खरे उत्तर असे आहे की येथे वीज वाचवून साठवायची नसतेच. कॉइल तिरकी धरली आहे, रुग्णाने कूस बदलली आहे, मधली चरबीची जाडी अपेक्षेपेक्षा जास्त निघाली आहे, अशा सर्वांत वाईट क्षणी जेवढी वीज आत पोचते तेवढ्यात परिपथाला काम उरकावे लागते. आणि सर्वांत चांगल्या क्षणी गरजेच्या कित्येक पट वीज येऊन आदळते, तेव्हा ती शरीर न तापवता नाकारावी लागते. या दोन टोकांमधले अंतर हाच आमच्या कामाचा खरा विषय आहे. परिपथाची भूक जितकी कमी, तितके पहिले टोक सुसह्य होते.

त्वचेतून वीज पाठवण्याची कल्पना नवी नाही. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील कॅरोलिन्स्का येथे शल्यविशारद ऑके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पूर्णतः आत बसणारा पेसमेकर बसवला. अभियंता रुने एल्मक्विस्ट यांनी बनवलेल्या त्या उपकरणात निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या आणि त्या बाहेरून, विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने चार्ज होत असत. उपकरण काही तासांतच बंद पडले; लार्सन मात्र पुढे अनेक पेसमेकर बदलत २००१ पर्यंत जगले. पुढे पेसमेकरने दीर्घायुषी लिथियम बॅटरीची वाट धरली आणि प्रवर्तनाचा मार्ग त्याच्यापुरता मागे पडला. तो परत आला तो जिथे बॅटरीला जागाच नाही अशा ठिकाणांसाठी: डोळ्याचा आतला दाब, फुप्फुसाच्या धमनीतला दाब, त्वचेखालचे ग्लुकोज.

आता दुव्याचे गणित. एका कॉइलचे चुंबकीय क्षेत्र दुसरीपर्यंत किती पोचते ते सांगणारा आकडा म्हणजे कपलिंगचा गुणांक, आणि साठवलेल्या ऊर्जेच्या मानाने कॉइल किती कमी वाया घालवते ते सांगणारा आकडा म्हणजे क्वालिटी फॅक्टर. कपलिंगच्या गुणांकाचा वर्ग करून त्याला दोन्ही कॉइलच्या क्वालिटी फॅक्टरने गुणले की जी संख्या येते, तिच्यावरच वीज पोचवण्याची कमाल कार्यक्षमता ठरते. बाहेरच्या कॉइलचा क्वालिटी फॅक्टर १००, आतल्या नखाएवढ्या कॉइलचा ३० आणि कपलिंग ०.०२ धरले, तर ही संख्या १.२ येते आणि सगळी जुळवणी उत्तम असतानाही सुमारे १९ टक्के वीज पार होते. कॉइल जराशी सरकून कपलिंग ०.०१ झाले की तीच संख्या ०.३ वर येते आणि कार्यक्षमता साडेसहा टक्क्यांवर उतरते. म्हणजे कपलिंग निम्मे झाले की वीज एक तृतीयांश उरते. कॉइलच्या आकारापेक्षा अंतर मोठे असेल, तर कपलिंग अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्यामुळे ते निम्मे व्हायला अंतर दुप्पट व्हावे लागत नाही, सव्वापट झाले तरी पुरते. एका खोल श्वासाने एवढे होऊ शकते.

बाहेरची शक्ती वाढवून ही तूट भरून काढता येईल असे वाटते, पण तिथे मर्यादा आहेत. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे ऊतींमध्ये प्रवाह निर्माण होतात आणि ऊती तापतात. तेवढ्याच क्षेत्राला ही उष्णता साधारणपणे वारंवारितेच्या वर्गानुसार वाढते. शरीरात शोषल्या जाणाऱ्या शक्तीवर अमेरिकेतील नियम एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीत दर किलोग्रॅमला १.६ वॅट अशी मर्यादा घालतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सर्वसामान्य नागरिकांच्या डोके व धडासाठी दहा ग्रॅमच्या सरासरीत २ वॅट आहे. शिवाय इम्प्लांटच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान शरीराच्या ३७ अंश सेल्सिअसपेक्षा २ अंशांहून जास्त वाढू नये, हा आयएसओ १४७०८ या मानकातला सर्वसाधारण दंडक आहे. हे दोन अंश म्हणजे आमची खरी बॅटरी, असे मी गमतीने म्हणते: तेवढेच भांडवल, त्यापलीकडे उधारी नाही.

कॉइलमधून पोचलेली वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी असते आणि चिपला स्थिर व्होल्टेज लागते. तिला एका दिशेत वळवणारा परिपथ म्हणजे रेक्टिफायर. नवशिक्या माणसाचे लक्ष येथेच चुकते, आणि माझेही चुकले होते. माझ्या पहिल्या चिपमध्ये सेन्सरचा ॲम्प्लिफायर चार मायक्रोवॅटवरून दोनवर आणण्यासाठी मी काही महिने घालवले. त्याच काळात रेक्टिफायरमध्ये त्याच्या कितीतरी पट वीज वाया जात होती आणि तिचा माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता, कारण रेक्टिफायर हा 'वीजपुरवठ्याचा भाग' होता आणि वीजपुरवठा दुसऱ्या कोणाचा तरी होता. रेक्टिफायर म्हणून वापरलेल्या साध्या सिलिकॉन डायोडच्या पुलाचा (ब्रिजचा) हिशेब करून पाहावा. प्रत्येक अर्धचक्रात प्रवाह दोन डायोडांतून जातो आणि प्रत्येकी सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. बाहेर १.२ व्होल्ट हवे असतील, तर आत २.६ व्होल्टचे शिखर लागते, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती दारातच संपते. दहा व्होल्टच्या परिपथात हीच घट कोणाच्या लक्षातही आली नसती. कमी व्होल्टेजच्या परिपथाचा तो शाप आहे.

म्हणून डायोडच्या जागी ट्रान्झिस्टरचा स्विच आणि तो योग्य क्षणी चालू-बंद करणारा कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारा परिपथ, अशी रचना करतात. स्विचवर काही मिलिव्होल्टच पडतात, पण आता घड्याळाशी झटापट सुरू होते. बाहेरून वीज आणणाऱ्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन सुमारे ७४ नॅनोसेकंदांचे असते आणि त्यातला वहनाचा काळ त्याच्या लहानशा भागापुरता. कंपॅरेटरने स्विच बंद करायला पाच नॅनोसेकंद उशीर केला, तर कपॅसिटरमध्ये साठलेला भार कॉइलकडे उलटा वाहू लागतो. कमावलेले परत जाते. कंपॅरेटर वेगवान करायचा तर त्याला जास्त प्रवाह द्यावा लागतो आणि मग वाचवलेली वीज तोच खातो. व्यवहारात कंपॅरेटरला मुद्दाम थोडा कल देऊन स्विच वेळेआधीच बंद करायला लावले जाते. हा कल किती असावा हे आत येणाऱ्या व्होल्टेजनुसार बदलते, आणि ते व्होल्टेज तर रुग्णाच्या हालचालीवर अवलंबून. रेक्टिफायरच्या कामात मला सर्वांत जास्त रस वाटू लागला तो याच कारणाने. येथे शरीराची हालचाल थेट नॅनोसेकंदांत उतरते.

दुसऱ्या टोकाचा, म्हणजे जास्तीच्या विजेचा, प्रश्न तितकाच अवघड आहे. कपलिंग ०.०१ ते ०.१ या पट्ट्यात बदलत असेल, तर कॉइलमधले प्रेरित व्होल्टेज दहापट बदलते. सोपा उपाय म्हणजे ठरावीक व्होल्टेजच्या वर जाऊ न देणारा क्लॅम्प. पण क्लॅम्प जास्तीचा प्रवाह स्वतःमधून वाहून नेतो, म्हणजे इम्प्लांटच्या आतच शेगडी पेटवतो आणि ते दोन अंश तिथे खर्च होतात. त्यापेक्षा आतल्या कॉइलची जुळणी मुद्दाम बिघडवून तिने वीज घेऊच नये असे करणे बरे, आणि सर्वांत चांगले म्हणजे 'आता पुरे' असा निरोप बाहेर पाठवून बाहेरच्याच उपकरणाला शक्ती कमी करायला लावणे. निरोपाला वेळ लागतो, म्हणून क्लॅम्प तरीही ठेवावाच लागतो. एमआरआयच्या यंत्रासाठीही तो लागतो: १.५ टेस्लाच्या यंत्राची रेडिओ लहर सुमारे ६४ मेगाहर्ट्झची असते आणि इम्प्लांटमधल्या कॉइलला ती कुणी पाठवली याच्याशी देणेघेणे नसते.

आता प्रत्यक्ष मोजमापाकडे. दाबाने ज्यांचा रोध बदलतो अशा रोधकांचा पूल दाब मोजायला घेतला, त्याचा रोध ५ किलोओहम आणि त्यावर १.२ व्होल्ट दिले, तर तो एकटा २८८ मायक्रोवॅट खातो. भोवतीच्या सगळ्या चिपची गरज दहा मायक्रोवॅट असताना हा पाहुणा सगळ्यांचे जेवण जेवून जातो. उपाय असा की त्याला सतत वीज द्यायचीच नाही. रक्तदाबाच्या लाटेसाठी सेकंदाला १०० नमुने पुरतात. प्रत्येक नमुन्यासाठी २० मायक्रोसेकंदच वीज दिली, तर सरासरी खर्च ०.६ मायक्रोवॅटच्या आत येतो. अर्थात फुकट काहीच नसते. वीस मायक्रोसेकंदांत उत्तर द्यायचे तर ॲम्प्लिफायरची बँडविड्थ, म्हणजे वेगाने बदलणारे संकेत पकडण्याची क्षमता, वाढवावी लागते, तिच्याबरोबर नॉइज, म्हणजे संकेतात मिसळणारी खरखर, वाढतो आणि तो परत खाली आणायला प्रवाह लागतो. यासाठीच अनेकजण रोधकांऐवजी दाबाने धारिता (कपॅसिटन्स) बदलणारा सेन्सर पसंत करतात, कारण तो स्थिर प्रवाह घेत नाही. मात्र त्याचा बदल काही फेम्टोफॅरडांत मोजावा लागतो आणि आवरणात शिरलेला ओलाव्याचा अंशही त्याला दाबासारखाच भासतो. मी दोन्ही करून पाहिले आहेत आणि दीर्घकाळ आत राहणाऱ्या उपकरणासाठी अजूनही स्पंदावर चालवलेल्या रोधकांच्या पुलावरच माझा अधिक विश्वास आहे.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत ट्रान्झिस्टर उंबरठ्याखाली चालवण्याचे तंत्र आमच्या क्षेत्राचा पाया आहे. 'थ्रेशोल्ड' या शब्दाला मराठीत उंबरठा म्हणणे फारच नेमके आहे: गेटचे व्होल्टेज उंबरठ्याच्या खाली असतानाही ट्रान्झिस्टर पूर्ण बंद नसतो, त्यातून थोडा प्रवाह पाझरतो आणि तो व्होल्टेजबरोबर घातांकी रीतीने वाढतो. डिजिटल परिपथाच्या दृष्टीने ही गळती आहे. आमच्या दृष्टीने हेच घरातले सर्वांत काटकसरी माणूस आहे, कारण दिलेल्या प्रवाहात सर्वाधिक ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे व्होल्टेजच्या बदलाला प्रवाहाने दिलेला प्रतिसाद, येथेच मिळतो. ३७ अंशांना औष्णिक व्होल्टेज २६.७ मिलिव्होल्ट असते. ट्रान्झिस्टरचा उतार-गुणक (तो आदर्शापासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा) १.३ धरला, तर एका मायक्रोॲम्पिअरमागे सुमारे २९ मायक्रोसीमेन्स मिळतात आणि त्याच प्रवाहात त्याहून फार जास्त काढण्याची युक्ती कोणाकडेच नाही. हे तंत्र वैद्यकातून आलेले नाही. स्वित्झर्लंडमधील नॉशातेल येथे मनगटी घड्याळांसाठी कमी विजेचे परिपथ बनवणाऱ्या एरिक व्हिटोझ यांनी जाँ फेलरात यांच्यासह १९७७ साली उंबरठ्याखालच्या ॲनालॉग परिपथांची मांडणी प्रसिद्ध केली. मनगटावरच्या घड्याळाची गरज आणि धमनीतल्या सेन्सरची गरज यांत तत्त्वाचा फरक फारसा नाही.

तरी एक भिंत राहतेच. ॲम्प्लिफायरचा औष्णिक नॉइज निम्मा करायचा तर प्रवाह चौपट करावा लागतो. स्टेयार्ट आणि सान्सेन यांनी १९८७ मध्ये हा व्यवहार एका आकड्यात बांधला, 'नॉइज एफिशियन्सी फॅक्टर' म्हणून. एका आदर्श बायपोलर ट्रान्झिस्टरचा आकडा १ आणि बाकी सगळ्यांची तुलना त्याच्याशी. हॅरिसन आणि चार्ल्स यांच्या २००३ मधील, मेंदूचे संकेत टिपणाऱ्या सुप्रसिद्ध ॲम्प्लिफायरचा आकडा सुमारे ४ होता: ८० मायक्रोवॅट आणि २.२ मायक्रोव्होल्ट नॉइज. या आकड्यांवरून एकमेकांना मागे टाकण्याची चुरस आमच्याकडे बरीच चालते. रेक्टिफायर निम्मी वीज टाकून देत असताना हा आकडा २.५ वरून २.३ वर आणण्यात काय हशील, हे मात्र त्या चुरशीत कोणी विचारत नाही.

शरीर येथे एक मोठा उपकार करते: ते तापमान स्थिर ठेवते. उंबरठ्याखालचा प्रवाह तापमानाला फार हळवा असतो आणि बाहेरच्या जगातल्या चिपला उणे चाळीस ते सव्वाशे अंशांपर्यंत चालावे लागते. आमच्या चिपला ३७ च्या आसपास काही अंश सांभाळले की झाले. त्यामुळे घड्याळासाठी क्रिस्टलही लागत नाही, काही किलोहर्ट्झचा साधा ऑसिलेटर भागवून नेतो. पूर्वी मला वाटे की १३.५६ मेगाहर्ट्झची अचूक लहर आयती मिळत असताना तिलाच भागत जाऊन घड्याळ बनवावे. मग हिशेब केला: २० फेम्टोफॅरडचा एकच बिंदू १.२ व्होल्टमध्ये त्या वेगाने वरखाली करायला जवळपास ०.४ मायक्रोवॅट लागतो, आणि पहिल्या दोन-तीन भाजकांत असे अनेक बिंदू असतात. आयती गोष्ट महाग पडते. उपकाराला एक खोचही आहे. गळतीचा प्रवाह दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, म्हणून २५ अंशांच्या प्रयोगशाळेत मोजलेला विश्रांतीचा खर्च शरीरात दुपटीहून अधिक निघतो. सिम्युलेशन ३७ अंशांवर आणि मोजमाप २५ वर, ही चूक मी एकाहून अधिक अहवालांत पाहिली आहे.

माहिती बाहेर कशी पाठवायची? इम्प्लांटसाठी राखलेल्या ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रक्षेपित शक्तीची मर्यादा २५ मायक्रोवॅट आहे, पण तेवढे बाहेर टाकण्यासाठी प्रक्षेपकाला त्याच्या अनेक पट वीज लागते. म्हणून आम्ही बहुधा प्रक्षेपण करतच नाही: आतल्या कॉइलवरचा भार एका स्विचने बदलत राहतो आणि बाहेरच्या कॉइलला तो बदल तिच्या स्वतःच्या व्होल्टेजमध्ये जाणवतो. दुसऱ्याच्या लहरीवर आपला निरोप उमटवण्याची ही युक्ती हेरगिरीतही वापरली गेली. लेव्ह थेरेमिन यांनी बनवलेले, बॅटरी नसलेले चोरून ऐकण्याचे यंत्र १९४५ मध्ये लाकडी मानचिन्हात दडवून मॉस्कोतील अमेरिकी राजदूताला भेट दिले गेले आणि १९५२ पर्यंत ते कोणाला सापडले नाही. आमच्याकडे अडचण एवढीच की कपलिंग कमी असेल, तर बाहेर जाणवणारा बदल अनेक व्होल्टच्या लहरीवर काही मिलिव्होल्टचा उरतो. पण ते ओळखण्याचे काम बाहेरच्या उपकरणाचे, आणि त्याच्याकडे बॅटरी आहे.

याच विचाराचे टोक गाठले तर चिपच उरत नाही. कार्टर कॉलिन्स यांनी १९६७ मध्ये डोळ्यातला दाब मोजण्यासाठी नुसती कॉइल आणि धारिता यांचा असा सेन्सर वर्णन केला होता: दाब बदलला की अनुनादाची वारंवारिता बदलते आणि ती बाहेरून वाचता येते. कार्डिओमेम्स हा फुप्फुसाच्या धमनीतला सेन्सर याच तत्त्वावर चालतो. ५५० रुग्णांच्या चाचणीनंतर त्याला २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि रुग्ण घरी अँटेना बसवलेल्या उशीवर पडून मोजमाप घेतो. ट्रान्झिस्टर शून्य, आतल्या सक्रिय परिपथाचा खर्च शून्य. माझ्या धंद्याच्या दृष्टीने हे नामुष्कीचे उदाहरण आहे, तरी नव्या सहकाऱ्यांना मी ते सर्वांत आधी सांगते. चिप हवीच असते ती एकापेक्षा अधिक राशी मोजायच्या असतील किंवा मोजण्यासाठी आत काही चालवावे लागत असेल तेव्हा. एव्हरसेन्स हा ग्लुकोज सेन्सर आत छोटा दिवा लावून रंगद्रव्याची चमक वाचतो आणि हे दर पाच मिनिटांनी, वरच्या ट्रान्समीटरच्या विजेवर करतो. ते नुसत्या कॉइलला जमणारे नाही.

मोजमापाच्या क्षणी वीज आणणारी लहर बंद करता आली तर तिची लहरण संवेदनशील ॲम्प्लिफायरमध्ये शिरत नाही, म्हणून एका रचनेत मी साठवणीच्या कपॅसिटरवर तेवढा वेळ काढायचे ठरवले होते. १० मायक्रोफॅरड १.८ वरून १.२ व्होल्टवर उतरताना ९ मायक्रोज्यूल देतो, म्हणजे दहा मायक्रोवॅटवर ०.९ सेकंद. प्रत्यक्षात अर्धा सेकंदच मिळाला. लहान आकाराच्या सिरॅमिक कपॅसिटरची धारिता त्यावर स्थिर व्होल्टेज असताना घटते, हे उत्पादकाच्या आलेखात छापलेले असते आणि मी पाहिले होते ते फक्त पहिल्या पानावरचे १०.

पण सर्वांत जास्त दिवस खाल्ले ते सुरुवातीच्या क्षणाने. प्रयोगशाळेतल्या वीजपुरवठ्यावर उत्तम चालणारी चिप कॉइलवर लावली की ०.७ व्होल्टच्या आसपास अडकून बसायची. कारण नंतर समजले: व्होल्टेज हळूहळू चढताना मधल्या टप्प्यावर डिजिटल भाग अनिश्चित अवस्थेत असतो आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढतो, टेबलावरचा पुरवठा तो निमूटपणे देतो, कमकुवत दुवा देऊ शकत नाही, आणि दोघे तिथेच समतोल साधतात. व्होल्टेज पुरेसे चढेपर्यंत बाकी सगळे भाग तोडून ठेवणारा आणि स्वतः काही नॅनोॲम्पिअरवर चालणारा पहारेकरी परिपथ बसवल्यावर ते सुटले. तो पहारेकरी चालू होण्याचे आणि बंद होण्याचे व्होल्टेज वेगळे ठेवावे लागले, नाहीतर उंबरठ्यावरच चिप उघडझाप करत राही. तेव्हापासून नवी चिप हाती आली की मी तिला आधी थेट पुरवठा देत नाही. मोठ्या रोधकातून, दहा सेकंदांत एक व्होल्ट अशा गतीने चढवते, आणि वाटेत ती कुठे थबकते ते पाहते.